बारावा नियम आणि कलम ३५६ : महाराष्ट्रातील सर्व खासदारांना खुले पत्र

प्रति,
लोकसभेतील ४८ आणि राज्यसभेतील १९,
महाराष्ट्राचे सर्व सन्माननीय खासदार

विषय : संविधानाच्या कलम ३५६ खाली राज्यात राष्ट्रपती राजवट लावण्याच्या आणि उठवण्याच्या पद्धतीतील उणिवा दूर करण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. सुमारे तीस वर्षे मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले, आणि त्याच्या जोडीने तीन एकर कोरडवाहू जमीनही कसली. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. या पत्रात कोणा एका पक्षाची बाजू सापडेल अशी अपेक्षाही कृपया ठेवू नये, कारण ज्या अधिकाराबद्दल मी लिहितो आहे त्याच्या वापरात दिल्लीत सत्तेवर आलेल्या कोणाचीही पाटी कोरी नाही. दर वर्षी २५ जूनला १९७५ च्या आणीबाणीची आठवण काढली जाते, २०२४ पासून तर तो दिवस केंद्र सरकारने अधिकृतपणे ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला आहे. त्या दिवशी होणारी भाषणे मी लक्षपूर्वक ऐकतो. मात्र त्या रात्री सरकारने ज्या फटीतून वाट काढली, ती फट राज्यांच्या बाबतीत अजून तशीच उघडी आहे, हे त्या भाषणांत मला आजवर ऐकू आलेले नाही. म्हणून हे पत्र.

या विषयाशी माझा संबंध एका शनिवारपासून सुरू होतो. २३ नोव्हेंबर २०१९. शनिवारी आमची शाळा सकाळची असे. प्रार्थना आटोपून मुले वर्गात गेली होती आणि शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पहिल्या एसटीने आलेले वर्तमानपत्र पडलेले होते. त्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत बातमी होती की तीन पक्षांचे ठरले, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. त्याच वेळी एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर राजभवनातला शपथविधी सुरू होता आणि शपथ देवेंद्र फडणवीस व अजित पवार घेत होते. आमच्यातल्या एकाला ते कोणीतरी गमतीने जोडलेले चित्र वाटले. खरे कळेपर्यंत माझा आठवीचा तास आला. आदल्याच आठवड्यात मी त्या वर्गाला शिकवले होते की राष्ट्रपती स्वतःच्या मनाने नव्हे, तर मंत्र्यांच्या सल्ल्याने निर्णय घेतात. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, राज्यात राष्ट्रपती राजवट होती ना? मग ती कधी उठली?” पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी, असे तोवर बातम्यांत आले होते, ते मी सांगितले. तिने पुढचा प्रश्न केला, “म्हणजे मंत्रिमंडळाची बैठक रात्री झाली?”

मी म्हणालो, शोधून सांगतो. शोधल्यावर कळले की बैठक झालीच नव्हती.

आपण सर्वजण जाणताच, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. केंद्र सरकारचे कामकाज कसे चालावे याचे १९६१ चे नियम आहेत. कोणता विषय मंत्रिमंडळापुढे गेलाच पाहिजे हे त्यांत ठरवून दिलेले आहे, आणि राष्ट्रपती राजवटीचा विषय अशा विषयांपैकी आहे. मात्र त्याच नियमांत बारावा नियम असा आहे की पंतप्रधानांना आवश्यक वाटेल तेव्हा आणि तितक्या प्रमाणात ते या नियमांपासून दूर जाण्याची मुभा देऊ शकतात, किंवा तसे झालेले असल्यास ते माफ करू शकतात. २३ नोव्हेंबरच्या पहाटे याच नियमाचा आधार घेऊन महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठवली गेली आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर, ‘कार्योत्तर’ घेतली गेली. सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला ‘कार्योत्तर मंजुरी’ या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काम उरकून झालेले असते आणि कागद मागाहून जुळवायचा असतो.

आता १९७५ कडे पाहू. २५ जूनच्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना जे पत्र पाठवले, त्यात त्यांनी लिहिले होते की हा विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला त्यांना आवडले असते, पण त्या रात्री ते शक्य नाही, म्हणून बाराव्या नियमाखालच्या आपल्या अधिकारात त्या नियमांना बाजूला ठेवत आहेत आणि सकाळी सर्वांत आधी मंत्रिमंडळाला कळवतील. राष्ट्रपतींनी त्याच रात्री सही केली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, पहाटेपर्यंत अटकसत्र सुरू झाले, आणि २६ जूनच्या सकाळी सहा वाजता मंत्र्यांना बोलावून झालेला निर्णय सांगण्यात आला. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर हे सगळे नोंदले गेले.

म्हणजे नियम तोच आणि त्याचा क्रमांकही तोच. एकदा त्याचा उपयोग देशावर आणीबाणी लादण्यासाठी झाला, एकदा राज्यातली राष्ट्रपती राजवट उठवण्यासाठी. या दोन घटना एकाच वजनाच्या आहेत असे मी म्हणत नाही. १९७५ मध्ये हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली, येरवडा आणि नाशिकरोडच्या तुरुंगांत डांबलेल्यांच्या घरी त्या महिन्यांच्या आठवणी अजून निघतात. २०१९ मध्ये तसे काहीही घडले नाही. माझे म्हणणे वजनाबद्दल नाही, वाटेबद्दल आहे. एकाच दाराने दोनदा आत शिरता आले, कारण ते दार एका बाजूनेच बंद केले गेले.

ते कसे, तेही सांगतो. जनता पक्षाच्या सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय आणीबाणीच्या कलम ३५२ भोवती चांगली भक्कम तटबंदी उभी केली. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. संसदेच्या मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आणली आणि मंजुरीला विशेष, म्हणजे दोन तृतीयांश, बहुमत लावले. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर आणीबाणी रद्द करण्याचा ठराव घेण्यासाठी चौदा दिवसांत खास बैठक भरवण्याची सोय केली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे लिहून ठेवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी स्वरूपात कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी पुकारणार नाहीत, अशी अट घातली. संविधानाच्या इंग्रजी प्रतीत ‘कॅबिनेट’ हा शब्द फक्त या एका कलमात सापडतो, आणि तो तिथे का आला हे त्या २५ जूनच्या रात्रीवरून समजते.

कलम ३५६ मध्ये मात्र ही अट नाही. राज्यातले निवडून आलेले सरकार बाजूला सारून तिथला कारभार केंद्राकडे घेण्यासाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय संविधानाने सक्तीचा केलेला नाही, संसदेची मंजुरी साध्या बहुमताने चालते, आणि त्यासाठी दोन महिने मिळतात. राजवट उठवण्याबाबत तर नंतरची उद्घोषणा काढून ती रद्द करता येईल एवढेच म्हटले आहे. देशाच्या आणीबाणीला कुलूप आणि राज्याच्या आणीबाणीला नुसती कडी, असा हा प्रकार आहे. कलम ३५२ आजवर तीनदा वापरले गेले, आर्थिक आणीबाणीचे कलम ३६० एकदाही नाही, आणि कलम ३५६ जून १९५१ मध्ये पंजाबपासून सुरुवात होऊन सव्वाशेहून अधिक वेळा. जे कुलूप दुर्मीळ दाराला लावले, ते रोजच्या वापरातल्या दाराला लावायचे राहून गेले.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार ही आहे. तिच्यावर नेहमी एक उत्तर मिळते, की आणीबाणीच्या प्रसंगी घाई करावी लागते आणि मंत्र्यांना गोळा करत बसायला वेळ नसतो. या उत्तराला दोन्ही वेळच्या घटनाच छेद देतात. १९७५ मध्ये निर्णय सांगण्यासाठी मंत्री भल्या सकाळी सहाला जमू शकले, तर निर्णय घेण्यासाठी आदल्या रात्रीही जमू शकले असते. २०१९ मध्ये १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लावायची होती, तेव्हा पंतप्रधान ब्राझीलच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी मंत्रिमंडळाची बैठक रीतसर झाली. लावताना बैठक घेता येते, तर उठवताना का नाही? त्या पहाटे राज्यावर पूर आला नव्हता, दंगल नव्हती, सीमेवर कोणी चाल करून आले नव्हते. सकाळी दहाला बैठक घेऊन दुपारी राजवट उठवली असती तर राज्याचे काय बिघडले असते, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

दुसरी तक्रार संसदेबद्दल, म्हणजे थेट आपल्याबद्दल आहे. महाराष्ट्रात तीनदा राष्ट्रपती राजवट आली. १९८० मध्ये १७ फेब्रुवारीला शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त करून ती लावली गेली. त्याच दिवशी आणखी आठ राज्यांवर हीच पाळी आली, आणि त्याच्या तीन वर्षे आधी जनता सरकारने नऊ काँग्रेसी राज्यांचे नेमके हेच केले होते. दुसऱ्यांदा २८ सप्टेंबर २०१४ ला ती आली आणि ३१ ऑक्टोबरला गेली. तिसऱ्यांदा १२ नोव्हेंबर २०१९ ला आली आणि अकराव्या पहाटे गेली. या शेवटच्या दोन्ही वेळा संसदेच्या मतदानाची वेळच आली नाही, कारण दोन महिने भरण्याआधी राजवट संपली होती. म्हणजे बारा कोटींच्या राज्याचा कारभार केंद्राने हाती घेतला, तो सोडला, आणि त्यावर आपल्यापैकी एकालाही हात वर करून होय किंवा नाही म्हणावे लागले नाही.

हे कागदावरचे दुखणे नाही, हे सांगण्यासाठी थोडे घरचे सांगतो. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पावसाने राज्यभर खरीप बुडवला. माझे सोयाबीन काढून गंजी लावून ठेवलेले होते. ताडपत्री टाकूनही पाणी आत गेले आणि चार दिवसांनी गंजीत हात घातला तर आत गरम वाफ आणि शेंगांना पांढरे कोंब. पंचनामा झाला होता. मदतीचे काय हे विचारायला सातबारा आणि मूठभर कोंब आलेले सोयाबीन रुमालात बांधून मी एका सरकारी कार्यालयात गेलो. समोरचा कारकून भला माणूस होता. रुमालाकडे बघून तो म्हणाला, “मास्तर, आम्ही वर पाठवलंय. पण सध्या वर कोणीच नाही.”

१६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली. खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये आणि फळबागांना १८,००० रुपये, दोन्ही दोन हेक्टरांपर्यंत. ही रक्कम बरोबर होती की अपुरी, हा वाद मी इथे काढत नाही. मुद्दा असा की तो वाद घालायला जागाच नव्हती. २४ ऑक्टोबरला निकाल लागून निवडून आलेल्या २८८ आमदारांपैकी कोणाचाही शपथविधी २७ नोव्हेंबरपर्यंत झालेला नव्हता. तारांकित प्रश्न नाही, लक्षवेधी नाही, पायऱ्यांवरची घोषणाबाजीसुद्धा नाही. शेतकऱ्याच्या वतीने ज्यांनी विचारायचे ते सारे लोक हॉटेलांत होते आणि ज्यांना विचारायचे ते दिल्लीत. ‘वर कोणीच नाही’ या वाक्याहून राष्ट्रपती राजवटीची नेमकी व्याख्या मला तरी पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

आणि जेव्हा संसदेपुढे विषय येतो, तेव्हा तो कसा येतो? मणिपूरमध्ये १३ फेब्रुवारी २०२५ ला राष्ट्रपती राजवट लागू झाली. तिथे ती लावू नये असे माझे म्हणणे नाही. मे २०२३ पासून अडीचशेहून अधिक माणसे मारली गेलेल्या राज्यात ती फार उशिरा लागली, असे मानणारेही पुष्कळ आहेत. पण एवढ्या गंभीर विषयाचा ठराव लोकसभेत कधी आला? वक्फ दुरुस्ती विधेयकावरचे मतदान आटोपल्यावर, ३ एप्रिलच्या रात्री दोनच्या सुमारास, आणि चर्चेला तासभरही मिळाला नाही. राज्यसभेने दुसऱ्या रात्री पहाटे चारच्या सुमारास तो संमत केला. अधिवेशनाचे दुसरे सत्र १० मार्चपासून सुरू होते. जवळपास चार आठवड्यांत या विषयाला दिवसाउजेडी दोन तास सापडू नयेत, हे आपल्यापैकी जे त्या रात्री सभागृहात बसले होते त्यांनाही पटले नसेल, असे मला मनापासून वाटते.

तिसरी तक्रार राज्यपालांच्या अहवालाबद्दल आहे. २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसला सरकार स्थापनेबाबत कळवण्यासाठी १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ दिलेला होता. त्या पक्षाने सकाळी अधिक मुदत मागितली, राज्यपालांचा अहवाल दुपारी दिल्लीला गेला, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, म्हणजे दिलेली मुदत संपण्याआधीच, राष्ट्रपती राजवट लागू झाली. शाळेत पेपर सोडवायला तीन तास देऊन दोन तासांतच उत्तरपत्रिका ओढून घेतल्या तर पालक जाब विचारायला येतात. इथे अहवालात नेमके काय लिहिले होते, हे मतदारांसमोर ठेवण्याचे बंधन कोणावरच नव्हते. उत्तराखंडात २०१६ मध्ये २८ मार्चला बहुमत चाचणी ठरलेली असताना २७ मार्चला राजवट लावली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली १० मे रोजी चाचणी झाली आणि हरीश रावत यांनी ती जिंकली. बिहारमध्ये २००५ साली तर राष्ट्रपती मॉस्कोत असताना मध्यरात्री फॅक्सने विधानसभा विसर्जनाची संमती मागवली गेली. त्या रात्री मंत्रिमंडळ बसले होते, हे मान्य करायला हवे, पण पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. तरी जुनी विधानसभा परत आली नाही, कारण तोवर नव्या निवडणुकीची तयारी सुरू झाली होती.

इथेच चौथा मुद्दा येतो, तो न्यायालयावर सगळे सोपवून मोकळे होण्याच्या सवयीचा. बोम्मई खटल्यातील ११ मार्च १९९४ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल हा कलम ३५६ वरचा सर्वांत मोठा लगाम आहे, आणि त्यातल्या प्रमुख निकालपत्रांपैकी एक न्या. पी. बी. सावंत या मराठी न्यायमूर्तींचे आहे, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. बहुमत सभागृहातच तपासावे, संसदेने मंजुरी देईपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये, आणि राजवट लावण्यामागचा आधार न्यायालय तपासू शकते, हे त्या निकालाने पक्के केले. पण कर्नाटकातले एस. आर. बोम्मई यांचे सरकार एप्रिल १९८९ मध्ये गेले होते. निकालाने तत्त्व वाचले, सरकार नाही. महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २०१९ ला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी खुले मतदान घेऊन त्याचे थेट प्रक्षेपण करण्याचा आदेश दिला, तेव्हा काही तासांत फडणवीस आणि अजित पवार यांचे राजीनामे आले. न्यायालय वेळेवर धावून आले ते नशीब. राज्यघटनेचा कारभार नशिबावर सोडावा का, हा माझा प्रश्न आहे. न्यायालयाने निकालात लिहिलेले संसदेने कलमात का लिहू नये?

एक गोष्ट ओघात सांगतो, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. केंद्राने राज्याचे जे करावे त्याबद्दल आपण तक्रार करतो, तेच राज्य सरकारे गावा-शहरांचे करतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली सुमारे चार वर्षे प्रशासक. त्याला कोणी आणीबाणी म्हणत नाही, एवढाच फरक.

पाचवी तक्रार थोडक्यात. राष्ट्रपती राजवट ही तात्पुरती सोय आहे, तर तिच्या काळात राज्याचे कायमचे रूप बदलता कामा नये. जम्मू-काश्मीरमध्ये ही राजवट असतानाच ऑगस्ट २०१९ मध्ये राज्याची पुनर्रचना झाली आणि राज्याच्या विधानमंडळाने जे मत द्यायचे ते संसदेनेच दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये या युक्तिवादावर केंद्राची पाठराखण केली, आणि तो निकाल मी मानतो. पण कायद्याने चालते म्हणून ते योग्य ठरत नाही. उद्या राजवटीच्या अकरा दिवसांत महाराष्ट्राची हद्द बदलण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर आपले मत कोण देणार, याचा विचार मुंबईसाठी लढलेल्या राज्याच्या खासदारांनी तरी करावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत या तरतुदीबद्दल आशा व्यक्त केली होती की ती वापरण्याची वेळच येणार नाही आणि ती कागदावर मृतवत पडून राहील. आधी राज्याला ताकीद द्यावी, तिने भागले नाही तर निवडणूक घ्यावी, आणि दोन्ही उपाय थकले तरच हे कलम हाती घ्यावे, असा क्रमही त्यांनी सांगितला होता. केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सांगितले की हे कलम अगदी अपवादाने, शेवटचा उपाय म्हणून वापरावे, राजवट लावण्याची कारणे उद्घोषणेतच लिहावीत, आणि कलम ३५२ मध्ये संसदेला दिलेली फेरविचाराची सोय कलम ३५६ मध्येही आणावी. २०१० मध्ये त्याच विषयावरच्या पुंछी आयोगाने आणखी पुढे जाऊन सांगितले की संपूर्ण राज्याऐवजी फक्त बिघडलेल्या जिल्ह्यापुरती आणीबाणी लावण्याची सोय असावी. म्हणजे काय करायचे हे नव्याने शोधायचे नाही, ते सरकारी कपाटात बांधून ठेवलेले आहे.

म्हणून आपल्याकडे माझ्या मागण्या अशा :

१. कलम ३५६ मध्ये कलम ३५२ प्रमाणेच अट घालावी, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपती राजवट लावता येणार नाही. हीच अट उठवण्यालाही लागू असावी.

२. बाराव्या नियमाचा वापर कलम ३५२, ३५६ आणि ३६० खालच्या कोणत्याही निर्णयासाठी करता येणार नाही, असे त्या नियमातच लिहावे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कायदाही लागत नाही. सरकारने मनात आणले तर एका बैठकीत होण्यासारखे हे काम आहे.

३. मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आणावी आणि विशेष बहुमत लावावे. मुदतीआधी राजवट उठली तरी राज्यपालांचा अहवाल, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि उद्घोषणा दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवून त्यावर चर्चा व्हावी. ही चर्चा दिवसा व्हावी, असेही लिहावे लागते आहे याचे वाईट वाटते.

४. एक दशांश सदस्यांच्या लेखी मागणीवरून खास बैठक भरवण्याची कलम ३५२ मधली सोय कलम ३५६ मध्ये आणावी. लोकसभेच्या एक दशांश म्हणजे ५५ सदस्य. आपण एकट्या महाराष्ट्राचे ४८ आहात, आणखी सातच जण शोधायचे उरतात.

५. बहुमताची चाचणी सभागृहातच, संसदेच्या मंजुरीआधी विसर्जन नाही, आणि राजवटीच्या काळात राज्याची हद्द किंवा दर्जा बदलणारा निर्णय नाही, या तीन गोष्टी कलमात लिहाव्यात.

कलम ३५६ मधल्या या दुरुस्तीला संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागेल, पण निम्म्या राज्यांची संमती लागणार नाही. आपल्यापैकी मंत्री नसलेला कोणीही खासगी विधेयक मांडू शकतो. तेही अवघड वाटत असेल तर येत्या अधिवेशनात एक साधा प्रश्न विचारावा, की १९६१ पासून आजपर्यंत कलम ३५२ आणि ३५६ खालच्या निर्णयांसाठी बारावा नियम किती वेळा वापरला गेला, कोणत्या तारखांना, आणि प्रत्येक वेळी कार्योत्तर मंजुरी किती दिवसांनी घेतली गेली.

या प्रश्नाचे उत्तर मला व्यक्तिशः हवे आहे. आठवीतल्या त्या मुलीला मी ‘शोधून सांगतो’ म्हणालो होतो. सोमवारी वर्गात तिला बारावा नियम समजावून सांगितला, तेव्हा तिने विचारले होते की असे याआधी किती वेळा झाले. दोन वेळा तरी झाले, एवढेच मी सांगू शकलो. ती आता महाविद्यालयात आहे आणि तिचे नाव मतदार यादीत आले आहे. आपल्यापैकी ज्यांना उत्तर मिळेल त्यांनी ते लेखी आणि सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे, म्हणजे मी त्याची प्रत तिला पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक आणि मतदार